पहाटे ३ वाजून २ मिनिटं

[दृश्य: रात्र, प्रक्षेपणतळ]

१५ जुलै २००४. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा व्हँडेनबर्ग तळ. उजाडायला अजून अवकाश आहे.

दिव्यांच्या झोतात उभं आहे डेल्टा-२ रॉकेट. पायथ्याशी नीट बघा. मुख्य इंजिनाला बिलगून नऊ बूस्टर आहेत, पण जमिनीवर पेटणार त्यातले सहाच. उरलेले तीन पेटतील वर, आकाशात. आणि अगदी टोकाच्या कवचात, पंख मिटून बसलेला, जवळपास तीन टनांचा उपग्रह. नाव ऑरा, म्हणजे वाऱ्याची झुळूक.

[उलटगणतीचा मूळ आवाज. प्रज्वलन. निवेदन नाही.]

रॉकेट दक्षिणेला, पॅसिफिकवर झेपावतं. ध्रुवांवरून जाणारी कक्षा गाठायची, तर इथून हीच वाट. तासाभरानं उपग्रह सुटा होतो. ७०५ किलोमीटर उंचीवर, ९८ मिनिटांत पृथ्वीची एक फेरी.

[दृश्य: अ‍ॅनिमेशन, पृथ्वीची कड]

अंटार्क्टिकावरची ओझोनची घट १९८५ मध्ये जगासमोर आली. दोनच वर्षांत, ओझोन नासवणारे वायू रोखण्यासाठी, माँट्रियलचा करार झाला. पण त्यातले सीएफसी, म्हणजे क्लोरीन असलेले वायू, हवेत कित्येक दशकं टिकतात. करार लागू पडतोय का, हे कुणीतरी रोज वर जाऊन बघायलाच हवं होतं.

ते बघतंय ऑरावरचं हे उपकरण, मायक्रोवेव्ह लिंब साउंडर. त्याची नजर असते क्षितिजावर, हवेच्या पातळ कडेवर. हवेतले रेणू स्वतःच सूक्ष्मलहरी सोडतात, तेवढ्यावर याचं काम चालतं. सूर्यप्रकाश लागत नाही. म्हणून तर ते इतकं मोलाचं! ओझोन खाणारं क्लोरीन ध्रुवावरच्या अंधाऱ्या हिवाळ्यातच तयारीला लागतं, आणि हे यंत्र त्या अंधारातही मोजत राहतं.

शेजारी नेदरलँड्स आणि फिनलंडचं उपकरण, परतून येणारा सूर्यप्रकाश टिपणारं. आणखी एकावर मात्र उड्डाणातच आघात झाला. आतलं प्लास्टिकचं अस्तर सुटून नजरेच्या वाटेत आलं, सुमारे ८० टक्के वाट बुजली. शास्त्रज्ञांनी उरलेल्या फटीतून मोजमापं काढली.

[दृश्य: अंटार्क्टिकाचे नकाशे, एकामागून एक]

२००५ ते २०१६. हिवाळ्यातली ओझोनची झीज सुमारे २० टक्क्यांनी घटली, क्लोरीन कमी झाल्यामुळे.

पाच वर्षांच्या कामगिरीवर पाठवलेला ऑरा तेव्हा बारा वर्षांचा झाला होता.