शिक्षा संपल्यावरची हजेरी

(पुण्यात सदाशिव पेठेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

परवा कोर्टाच्या कँटीनमध्ये एका आईने मला विचारलं, "मॅडम, शेजारी कोण राहायला आलंय हे मला कळायला नको का?" तिच्या मुलीच्या पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालच्या, खटल्यात मी सरकारी वकिलांच्या मदतीला आहे. चहा निवला तरी मला नीट उत्तर देता आलं नाही. आज प्रयत्न करते.

तिला हवी आहे तशी, लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांची कुणालाही पाहता येणारी यादी अमेरिकेत आहे. अलास्का राज्याने १९९४ साली लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदणीचा कायदा केला आणि तो जुन्या गुन्हेगारांनाही लावला. कोर्टात गेलेल्यांची शिक्षा १९९० सालीच भोगून झाली होती. आता मात्र दर तीन महिन्यांनी माहिती कळवायची, तीही जन्मभर. २००३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की ही शिक्षाच नव्हे, नुसती प्रशासकीय नोंद आहे. आणि शिक्षा नसेल, तर मागच्या तारखेने लावायला घटनेची आडकाठी नाही.

अमेरिकेतल्याच मिशिगन राज्यात अशीच नोंद वाढत गेली. २००६ साली नियम आला: शाळेपासून हजार फुटांच्या आत राहायचं नाही, काम करायचं नाही, रेंगाळायचंही नाही. हजार फूट म्हणजे साधारण तीनशे मीटर. आपल्या पेठांचा नकाशा घ्या. पेरूगेटची भावे हायस्कूल, लक्ष्मी रोडवरची हुजूरपागा, अप्पा बळवंत चौकातली नूमवि; प्रत्येकीभोवती तेवढं वर्तुळ काढा. मग गल्लीबोळातल्या बाकीच्या शाळा, बालवाड्या. मी पेन्सिल घेऊन बसले होते. भाड्याची एक खोली दाखवता येईल एवढी जागासुद्धा मोठ्या मुश्किलीने उरली. २०११ साली आणखी भर पडली. गाडी बदलली, नवा ईमेल उघडला, की तीन दिवसांत स्वतः जाऊन कळवायचं. २०१६ साली तिथल्या संघीय अपील न्यायालयाने म्हटलं, ही शिक्षाच आहे, जुन्या गुन्ह्यांना लावता येणार नाही.

मला हा निकाल पटतो. स्वतः जाऊन कळवणं म्हणजे आपल्याकडची हजेरी. महाराष्ट्रात तिचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागू नये. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे इंग्रजांनी 'गुन्हेगार जमाती' ठरवलेल्यांच्या वसाहतीत, काटेरी तारेच्या आत, माणसांना ती द्यावी लागे. त्यांना जन्माने गुन्हेगार ठरवणारा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. तिथे गुन्हाच नव्हता, इथे सिद्ध झालेला आहे. हा फरक मी विसरत नाही. पण हजेरीने माणसाचा रोजगार कसा जातो, तेवढं तरी त्यातून दिसतं.

आपल्याकडे सप्टेंबर २०१८ मध्ये लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद सुरू झाली. पहिल्याच दिवशी तिच्यात ४ लाख ४० हजार नोंदी होत्या, अर्थातच जुन्या. ती फक्त पोलिसांना पाहता येते, आणि तपासासाठी तिचा उपयोग आहे. माझी तक्रार तिच्याबद्दल नाही. पण उद्या ही यादी चौकात लावली, तर ती शिक्षा होईल, आणि मग आपल्या घटनेचा अनुच्छेद २०(१) आड यायलाच हवा. गुन्हा घडला तेव्हाच्या कायद्यात जेवढी शिक्षा होती, तिच्याहून जास्त देता येत नाही. पाच वर्षांच्या मुलीवरच्या अत्याचाराच्या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली हे पाळलं. गुन्हा मे २०१९ चा, पोक्सोतली कडक दुरुस्ती ऑगस्टची. दोषी ठरवणं कायम ठेवलं, पण उरलेलं सगळं आयुष्य तुरुंगात ही दुरुस्तीनंतरची शिक्षा बदलून जुन्या कायद्यातली सक्त जन्मठेप दिली, जिच्यात पुढे शिक्षा माफ होऊन सुटका होऊ शकते. तीन महिन्यांचा फरक होता. न्यायालयाने तोही मोजला.

त्या आईला मी हे सांगणार आहेच. पण तिच्या प्रश्नातलं भय खोटं नाही, आणि तेच मला झोपू देत नाही. तिच्या मुलीच्या खटल्यातला आरोपी शेजारी नाही, नात्यातला आहे. सरकारी आकडेवारीत बलात्काराच्या दहापैकी नऊहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो. याचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. पोक्सो कायदा म्हणतो, दखल घेतल्यापासून शक्यतो एका वर्षात खटला संपवा. या खटल्याला तिसरं वर्ष लागलंय, आणि मुलीची साक्ष अजून व्हायची आहे.