लुळ्या हाताचा खांदा

ओटीच्या वाशाला लोखंडी कप्पी अजून टांगलेली आहे. तिच्यातली दोरी मात्र फिजिओथेरपिस्ट ताईंनी पहिल्याच भेटीत काढायला लावली.

मालवणकडच्या या घरात आजोबांच्या अंगावरून वारं गेलं आणि डावी बाजू लुळी पडली. मुलानं हौसेनं कप्पी बांधली. उजव्या हातानं दोरी ओढायची, की डावा हात वर जाणार. बघायला झकास. पण आजोबा रात्री कण्हायला लागले, आणि दुखणारा होता तो खांदा.

हात पूर्ण वर नेताना साधारण दोन वाटे हालचाल खांद्याच्या सांध्यात होते आणि एक वाटा फऱ्याचं, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड फिरून पूर्ण होतो. लुळ्या बाजूचा फरा नीट फिरत नाही. दोरीनं हात वर खेचला की दोन हाडांच्या मध्ये स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा चिरडतात. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रुग्ण होते फक्त 28. पण कप्पीचा व्यायाम करणाऱ्यांपैकी 62 टक्के लोकांचा खांदा दुखू लागला. थेरपिस्टनं हातात धरून हलवलेल्यांत हेच प्रमाण 8 टक्के होतं.

मुळात हा सांधाच नाजूक. बशीवर नारळ ठेवावा तसा दंडाच्या हाडाचा गोळा उथळ खोबणीवर बसतो. त्याला जागेवर धरून ठेवायचं बरंचसं काम स्नायूंचं. स्नायू ढिले पडले की हाताचं वजन गोळ्याला खाली ओढतं. खांद्याच्या टोकाखाली बोट बसेल एवढी खाच दिसते ती त्यामुळे.

अशा हाताला धरून माणसाला उठवलं तर काय होईल?

आणि उठवतात तसंच. गणपतीत घर भरतं, मुंबईहून चाकरमानी येतात. आरतीला आजोबांना उभं करायचं म्हणून एक जण मनगट धरतो, दुसरा बगलेत हात घालतो. सगळं मायेनंच. या वर्षी आजी आधीच दारात उभ्या होत्या: “हात ओढू नको रे, पाठीक आधार दी!” रोज तासभर केलेला व्यायाम अशा एका हिसक्यात वाया जातो, म्हणून आम्हाला या घरात सर्वात मोलाची वाटली ती आजींची ही राखण.

ताईंनी शिकवलेल्या बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. सदरा घालताना लुळा हात आधी बाहीत, काढताना शेवटी. खुर्चीत बसल्यावर हात लोंबकळता नको, मांडीवर उशी आणि उशीवर कोपरापासून बोटांपर्यंत हात. निजतानाही दंडाखाली उशी. गळ्यातली झोळी उभं राहताना आणि चालताना वापरायची. दिवसभर अडकवली तर हात छातीशी चिकटून आखडतो. घरच्यांनी हात हलवायचा तो सावकाश, खांद्याच्या उंचीपर्यंतच. त्याच्या वर थेरपिस्टनं फऱ्याला धरून न्यायचा.

तेल लावायला हरकत नाही, खोबरेल हलक्या हातानं चोळावं. मात्र सांधा रगडून ‘मोकळा’ करणाऱ्यांना घरापासून लांबच ठेवलेलं बरं. गरम पाण्याच्या पिशवीचंही भान हवं. त्या बाजूची संवेदना गेलेली असेल तर कातडी भाजली तरी कळत नाही.

पुढे काही जणांत ढिलेपणा जाऊन स्नायू ताठ होतात, दंड आत वळतो आणि दुखण्याचं कारणच बदलतं. तेव्हा डॉक्टर ताठ स्नायू सैल करणारं बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन किंवा खांद्याच्या नसेला बधिर करणारं इंजेक्शन सुचवू शकतात. खांदा खाली सरकलेला असताना सुरुवातीच्या काळात विजेच्या सौम्य झटक्यांनी स्नायू जागे ठेवण्याचा उपायही वापरतात. कोणाला काय लागू पडेल हे खांदा तपासूनच ठरतं, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या व्हिडिओवरून नाही.

आजोबांना बोलता येतं, दुखलं की ते ओरडतात. ज्यांची वाचा गेली आहे, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत हात हलवावा लागतो. कपाळाला आठी पडली की थांबायचं. खांद्याबरोबर पंजा सुजला, लाल किंवा गरम झाला, नुसता स्पर्शही सोसेना, तर ते वेगळं दुखणं असू शकतं. मग पाऊस असो, एसटी चुकलेली असो, पुढच्या तारखेपर्यंत थांबू नये. डॉक्टरांना लगेच दाखवावं.