नवं तेजस की वापरलेलं एफ-१६?

राम राम मंडळी. बोलायचंय विमानांवर, पण आधी ट्रॅक्टरचं सांगतो. वडिलांनी पारोळ्याला जुना ट्रॅक्टर घेतला तेव्हा मी सोबत होतो, विकणारा रंग दाखवतोय, नवे टायर दाखवतोय, आणि वडील खाली वाकून फक्त मीटरवरचे तास बघताय. लढाऊ विमानाचंही तसंच असतं. अमेरिकेच्या एफ-१६ चा सांगाडा मुळात ८,००० तासांच्या हिशोबानं बनलेला, आताच्या नव्या ब्लॉक ७० चा १२,००० तासांचा. जुनं विमान घ्यायचं म्हणजे उरलेले तास विकत घ्यायचे.

तरी देश घेतात. अर्जेंटिनाचं बघा. तिथं आपल्या तेजसचं नाव चर्चेत होतं, दक्षिण कोरियाचं हलकं लढाऊ विमान एफए-५० होतं, पण १९८२ च्या फॉकलंड युद्धापासून ब्रिटन त्यांच्याकडे आपले लष्करी पार्ट जाऊ देत नाही, आणि तेजसमधली सीट, संकटात पायलटला बाहेर फेकते ती, ब्रिटिश मार्टिन-बेकरची! एका खुर्चीपायी सगळा सौदा अडकतो हो. कोरियालाही ब्रिटिश पार्टमुळंच २०२० मध्ये नाही म्हणावं लागलं. शेवटी २०२४ मध्ये अर्जेंटिनानं डेन्मार्ककडून वापरलेली २४ एफ-१६ घेतली, साधारण ३० कोटी डॉलरमध्ये.

आता माझं म्हणणं नीट ऐका. ही जुनी एफ-१६ बाजारात आली कारण डेन्मार्क, नॉर्वे, नेदरलँड्स हे सगळे एफ-३५ कडे, म्हणजे अमेरिकेच्याच नव्या लढाऊ विमानाकडे वळले. त्यांची काही रोमानियाला गेली, काही युक्रेनला, आणि चांगले तास उरलेला हा माल काही कायम येत राहणार नाही. तो आटला की छोट्या देशांना नवं हलकं विमान बघावंच लागेल, तेव्हा गिऱ्हाईक कोणाकडे जाईल, तर जो वेळेवर देईल त्याच्याकडे. पोलंडनं २०२२ मध्ये ४८ एफए-५० ची ऑर्डर दिली आणि पहिली १२ तर २०२३ संपायच्या आत पोचलीसुद्धा. मलेशियानंही २०२३ मध्ये १८ घेतली ती कोरियाचीच, तिथं आपलं तेजस स्पर्धेत होतं, फार वाईट वाटलं मला त्या दिवशी.

आपल्याकडे २०२१ मध्ये ८३ तेजसची ऑर्डर झाली, पण अमेरिकेहून येणारी इंजिनं रखडली आणि सगळंच लांबलं. सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ ची दिली. म्हणजे घरचीच १८० विमानं द्यायचीयत, मग बाहेरच्याला तारीख काय सांगणार? म्हणून मला ओझरच्या विमान कारखान्याचं एवढं वाटतं. मिग-२१ बनवलेला तो कारखाना, धुळ्याहून नाशिकला जाताना हायवेलाच लागतो, तिथून १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथं बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए, म्हणजे तेजसचं सुधारलेलं रूप, उडालं. आपल्या जळगाव-धुळ्याच्या आयटीआयमधल्या पोरांनी फिटर, मशिनिस्टचं काम जीव लावून शिकून घ्या रे, तिथं हात लागणारेत.