बाविसाव्या क्रमांकाचे गाणे

तारीख १८ जून १९८८. कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथील रोझ बोल स्टेडियममध्ये ६० हजारांहून अधिक श्रोते जमले आहेत. ‘डेपेश मोड’ या ब्रिटिश सिंथ-पॉप (सिंथेसायझरच्या सुरांवर उभ्या पॉप संगीताच्या) बँडच्या दौऱ्यातील हा १०१ वा आणि शेवटचा कार्यक्रम. ‘नेव्हर लेट मी डाउन अगेन’ हे गाणे शेवटाकडे येते, तसा गायक डेव्ह गॅहन हात उंच धरून ते एका लयीत डावीकडून उजवीकडे हलवू लागतो, आणि पाहता पाहता सारे स्टेडियम वाऱ्यावर ज्वारीचे रान कलावे तसे कलू लागते.

आदल्या वर्षी ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत हे गाणे २२ व्या क्रमांकापलीकडे सरकले नव्हते. चाहत्यांना मात्र आजही ते मैफलीत हवेच असते, आणि ते सुरू झाले की हात आपोआप वर जातात.

बँडची सुरुवात १९८० साली इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील बॅसिल्डन या गावी झाली. व्हिन्स क्लार्कने लिहिलेल्या ‘जस्ट कान्ट गेट इनफ’ या १९८१ च्या गाण्याने त्यांना आठव्या क्रमांकावर नेले. गाणे हसरे आणि गुणगुणण्याजोगे आहे. पण त्याच वर्षी क्लार्क बँड सोडून गेला, गीतलेखनाची जबाबदारी मार्टिन गोरकडे आली, आणि ज्या गाण्यांसाठी चाहते आजही हिरिरीने वाद घालतात, ती बहुतेक त्यानंतरची आहेत.

त्यांपैकी १९८३ चे ‘एव्हरीथिंग काउंट्स’ हे व्यापारी हावरेपणावरचे गाणे. कडवी गॅहनची आणि ध्रुवपद गोरच्या कोवळ्या आवाजात, अशी त्याची मांडणी आहे. पॅसाडिनामध्ये वाद्ये थांबली, तरी श्रोते ध्रुवपद गातच राहिले. पैशाच्या लोभावर टीका करणारे हे गाणे याच मैफलीच्या ध्वनिमुद्रणातून १९८९ साली पुन्हा विक्रीस आले, हा योगायोग थोडा गमतीचाच म्हणायला हवा.

‘एन्जॉय द सायलेन्स’ची कहाणी मात्र सावकाश सांगायला हवी. गोरने हे गाणे आणले, तेव्हा ते अत्यंत संथ होते. शब्द, साधा सूर आणि मागे धरून ठेवलेले स्वर, एवढेच. त्याचे ‘हार्मोनियम’ या नावाने प्रसिद्ध झालेले रूप आजही ऐकता येते, आणि पेटीच्या संगतीवर वाढलेल्या मराठी कानाला ते अनोळखी वाटत नाही. सहकारी ॲलन वाइल्डरला मात्र त्यात नृत्याची लय दडलेली जाणवली. शांततेचे गाणे वेगाने वाजवणे गोरला सुरुवातीला पटले नाही, आणि त्याचा आक्षेप चुकीचा होता असेही म्हणता येत नाही. तरीही वाइल्डर आणि निर्माता फ्लड यांनी तालाचा सांगाडा उभा केला, आणि मग गोरनेच त्यावर गिटारची ती छोटी, थरथरती धून वाजवली. आज नुसत्या त्या धूनवरून लोक गाणे ओळखतात. १९९० साली ते ब्रिटनमध्ये सहाव्या आणि अमेरिकेत आठव्या क्रमांकावर पोहोचले. अँटन कॉर्बिनने केलेल्या त्याच्या चित्रफितीत गॅहन राजाच्या वेशात, काखेत घडीची खुर्ची घेऊन, डोंगर आणि बर्फ तुडवत बसण्यासाठी निवांत जागा शोधतो. शब्दांनी शांतता मोडते, असे सांगणारे हे गाणे मैफलीत हजारो लोक तारस्वरात गातात.

‘एन्जॉय द सायलेन्स’ ज्यात आहे, त्याच ‘व्हायोलेटर’ या अल्बममधील पहिले गाणे ‘वर्ल्ड इन माय आइज’ पूर्वी चाहत्यांच्या पसंतीत थोडे मागे असे. मे २०२२ मध्ये कीबोर्डवादक अँडी फ्लेचरचे निधन झाले. बँडमध्ये वादनापेक्षा व्यवहार आणि माणसे सांभाळणे हे त्याचे काम अधिक, त्यामुळे त्याची चेष्टाही पुष्कळ झाली होती. पुढच्या वर्षीच्या दौऱ्यात गॅहन आणि गोर यांनी हे गाणे त्याला अर्पण केले. गाणे सुरू होई, मागच्या भव्य पडद्यावर चष्मा घातलेल्या फ्लेचरचा चेहरा उमटे, आणि मैदानभर त्याच्या नावाचा पुकारा होई.