चिठ्ठीवरची तारीख आणि विम्याचा तक्ता

श्रोतेहो, नमस्कार.

आरोग्यासंबंधीची माहिती मिळवता येणे, ती समजणे, तिचा खरेखोटेपणा पारखता येणे आणि तिच्या आधारे स्वतःच्या व घरच्यांच्या प्रकृतीविषयी निर्णय घेता येणे, या सगळ्याला मिळून आरोग्य साक्षरता म्हणतात. व्याख्या सरळ वाटते. परंतु एका संपूर्ण देशाच्या बाबतीत ती आकड्यात मांडायची म्हटली, की कोणाला काय विचारायचे, कोणत्या भाषेत विचारायचे आणि 'जमले' असे केव्हा म्हणायचे, हे आधी कोणीतरी ठरवावे लागते, आणि जसे ठरेल तसा आकडा बदलतो. हे ठरवणे प्रत्यक्षात कसे घडते, हे मला आज अमेरिकेत २००३ साली झालेल्या मोजणीच्या आधारे तुमच्यापुढे मांडायचे आहे.

प्रथम दोन कागद डोळ्यांसमोर आणा. पहिला कागद म्हणजे रुग्णालयाने दिलेली, पुढच्या भेटीची वेळ सांगणारी चिठ्ठी. तुम्हाला त्या चिठ्ठीवरच्या तारखेभोवती फक्त गोल करायचा आहे. दुसरा कागद म्हणजे आरोग्य विम्याचा तक्ता. नोकरदाराचे उत्पन्न किती आणि कुटुंबात माणसे किती, यांवर त्याच्या पगारातून दरमहा कापला जाणारा हप्ता कसा ठरतो, हे त्यात दाखवले आहे. तुम्हाला दिलेल्या कुटुंबासाठी योग्य रकाना शोधायचा आणि वर्षभराचा हप्ता काढायचा. हे दोन्ही कागद त्या मोजणीत होते, आणि साध्या चिठ्ठीपासून अवघड तक्त्यापर्यंतच्या वाटेवर देशातला प्रत्येक प्रौढ माणूस कोठपर्यंत जाऊ शकतो, हे तिला शोधायचे होते.

अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या अखत्यारीतील राष्ट्रीय शिक्षण सांख्यिकी केंद्राने प्रौढ साक्षरतेची जी पाहणी केली, तिचाच हा एक भाग होता. सोळा वर्षांवरील १९,००० हून अधिक व्यक्ती तिच्यासाठी निवडल्या गेल्या. पाहणी करणारे त्यांच्या घरी गेले, तुरुंगांतही गेले, आणि त्यांच्या हातात रोजच्या व्यवहारातले कागद देऊन कामे करून घेतली. एकूण १५२ कामांपैकी २८ आरोग्याची होती. त्यांतली थोडी उपचारांविषयी, बरीचशी प्रतिबंधाविषयी आणि उरलेली रुग्णालय व विमा यांच्या कारभारातून वाट काढण्याविषयी होती. एकाच माणसाला सगळी कामे दिली गेली नाहीत. प्रत्येकाकडे काही मोजकीच आली आणि सर्वांची उत्तरे एकत्र करून लोकसंख्येचा अंदाज बांधला गेला. त्यामुळे अमक्या बाईंना किंवा तमक्या गृहस्थांना किती गुण मिळाले, हे या पद्धतीत विचारताच येत नाही. तिच्यातून कळते ते समूहाचे चित्र.

या पद्धतीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे माणसे आणि कागद एकाच मोजपट्टीवर बसवलेले असतात. शून्य ते ५०० अशी पट्टी आहे. त्या पट्टीवर भेटीच्या चिठ्ठीवरची तारीख शोधण्याचे काम १०१ वर येते, आणि विम्याच्या तक्त्यावरून वर्षाचा हप्ता काढण्याचे काम ३८२ वर. मधल्या जागी उंची व वजनाचा आलेख पाहून निरोगी वजनाची मर्यादा सांगण्याचे काम आहे. ते २९० वर आहे. माणसाचे स्थानही याच पट्टीवर ठरते. एखादे काम ३८२ वर आहे याचा अर्थ असा, की ज्यांचे स्थान ३८२ आहे अशा शंभर माणसांना ते दिले, तर त्यांतल्या सदुसष्टांना ते बरोबर करता येईल.

आता सदुसष्टच का? या पाहणीच्या आधीच्या, १९९२ सालच्या साक्षरता पाहणीत हाच निकष ८० टक्क्यांचा होता. म्हणजे एखाद्याला एखादे काम 'येते' असे म्हणण्यासाठी त्याच्याकडून अधिक खात्रीची अपेक्षा होती. २००३ च्या पाहणीसाठी तज्ज्ञांच्या समितीने ६७ टक्क्यांचा निकष सुचवला. निकष ८० ठेवला असता, तर तोच कागद पट्टीवर आणखी वर गेला असता, आणि देशातली माणसे मात्र जिथल्या तिथे राहिली असती. त्यामुळे वर्तमानपत्रात 'अमुक टक्के लोकांना आरोग्याचे कागद कळत नाहीत' असे छापून येते तेव्हा, 'कळणे' म्हणजे किती वेळा बरोबर येणे, हे आपण विचारले पाहिजे. औषधाच्या मात्रेच्या बाबतीत तीनपैकी दोन वेळा बरोबर येणे पुरेसे मानावे का, हा प्रश्न मला गंभीर वाटतो. संख्याशास्त्राच्या सोयीसाठी ६७ योग्य असेल. रुग्णाच्या दृष्टीने ते योग्य आहे असे मी म्हणू शकत नाही.

या मोजणीचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. पट्टीच्या चार पातळ्यांपैकी सर्वांत वरच्या, प्रवीण पातळीवर १२ टक्के प्रौढ होते, मध्यम पातळीवर ५३ टक्के, मूलभूत पातळीवर २२ टक्के, आणि १४ टक्के मूलभूत पातळीच्याही खाली. ६५ वर्षे व त्यापुढील वयाच्या माणसांत शेवटच्या दोन पातळ्यांचे प्रमाण ५९ टक्के निघाले. म्हणजे ज्यांच्या घरात औषधांची संख्या सर्वांत जास्त, त्यांनाच ते कागद सर्वांत जड जात होते.

परंतु या आकड्यांत कोण नव्हते, हेही सांगायला हवे. भाषेच्या अडचणीमुळे किंवा बौद्धिक वा मानसिक अपंगत्वामुळे ज्यांच्याशी बोलता आले नाही, असे सुमारे ३ टक्के लोक मोजणीतून वगळले गेले. बाकीच्यांना तोंडी सूचना इंग्रजीत किंवा स्पॅनिशमध्ये मिळत. हातात येणारा कागद मात्र इंग्रजीच असे. न्यू जर्सीला मुलाकडे राहायला गेलेले, रोज मराठी वर्तमानपत्र वाचणारे आणि आपल्या मधुमेहाची वही वर्षानुवर्षे चोख ठेवणारे आजोबा या पट्टीवर तळाशी दिसले असते, किंवा दिसलेच नसते. आपल्याकडच्या जनगणनेत सात वर्षांवरील जी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून वाचू-लिहू शकते ती साक्षर धरली जाते. परंतु तिथे घरच्या माणसाने सांगितलेले उत्तर लिहून घेतात, वाचून दाखवायला कोणी लावत नाही. अमेरिकेने प्रत्यक्ष वाचायला लावले, पण एकाच भाषेत. दोन्हीकडे काहीतरी निसटते, आणि जे निसटते ते सारखे नसते.

भाषेचा विषय निघालाच आहे, तर आपल्या लिपीची एक गोष्ट सांगतो. देशव्यापी मोजणीच्या आधी अमेरिकेतल्या दवाखान्यांत छोट्या चाचण्या वापरल्या जात. त्यांतल्या १९९३ सालच्या एका प्रसिद्ध चाचणीत ६६ वैद्यकीय शब्दांची यादी रुग्णाला मोठ्याने वाचायला देत, आणि उच्चार किती बरोबर आले यावरून त्याची पातळी ठरवत. इंग्रजीत हे चालते, कारण तिथे लेखन आणि उच्चार यांची फारकत इतकी आहे, की शब्द कानावरून किंवा नजरेखालून गेलेला नसेल तर तो बरोबर वाचणे कठीण. देवनागरीत हीच यादी दिली तर काय होईल? अक्षरओळख असलेला कोणीही 'अस्थिसुषिरता' हा शब्द व्यवस्थित वाचून दाखवेल, आणि त्याचा हाडे ठिसूळ होण्याशी काही संबंध आहे याची त्याला गंधवार्ताही नसेल. म्हणून एका भाषेतली मोजपट्टी शब्दांचे भाषांतर करून दुसऱ्या भाषेत नेता येत नाही. ज्यांना मराठीत अशी चाचणी बसवायची आहे, त्यांनी उच्चारापासून नव्हे, अर्थापासून सुरुवात करायला हवी.

मोजणीचा दुसरा मार्ग युरोपने घेतला. २०११ साली ऑस्ट्रिया, बल्गेरिया, जर्मनीचा एक प्रांत, ग्रीस, आयर्लंड, नेदरलँड्स, पोलंड आणि स्पेन येथे मिळून सुमारे ८,००० लोकांना ४७ प्रश्न विचारण्यात आले. डॉक्टर सांगतात ते समजणे, प्रसारमाध्यमांतली आजाराविषयीची माहिती विश्वासार्ह आहे की नाही हे ठरवणे, अशा एकेका गोष्टीविषयी ती तुम्हाला अगदी सोपी, सोपी, अवघड की फार अवघड वाटते, असे विचारले गेले. उत्तरांवरून ४७.६ टक्के लोकांची आरोग्य साक्षरता अपुरी किंवा अडचणीची ठरली. नेदरलँड्समध्ये हे प्रमाण सुमारे २९ टक्के, तर बल्गेरियात सुमारे ६२ टक्के होते.

या पद्धतीवर आक्षेप घेणे सोपे आहे. आपल्याकडे एखाद्या वयस्कर बाईंना 'डॉक्टर सांगतात ते समजणे सोपे आहे का' असे विचारले, तर त्या बहुधा म्हणतील, 'हो, डॉक्टर सांगतात तसं मी करते.' त्यांनी समजण्याविषयी उत्तर दिलेलेच नसते. विश्वासाविषयी दिलेले असते. तरीही ही पद्धत मी टाकाऊ मानत नाही. माहिती शोधताना होणारी दमछाक, दोन डॉक्टरांची दोन मते ऐकून होणारी घालमेल, ही कागदावरच्या कोणत्याही गणितातून दिसत नाही. ती माणसाला विचारूनच कळते. युरोपातल्या त्या पाहणीनेही नुसत्या मतांवर भिस्त ठेवली नाही. आइस्क्रीमच्या डब्यावरचा पोषणमूल्यांचा तक्ता हातात देऊन सहा प्रश्न विचारणारी छोटी चाचणीही तिने सोबत घेतली होती.

चीनची पद्धत तिसरीच आहे. तेथील सरकारने नागरिकाला माहीत असाव्यात अशा ६६ गोष्टी २००८ साली जाहीर केल्या, आणि त्यांवर आधारित प्रश्नपत्रिकेत ८० टक्के गुण मिळवणाऱ्याला आरोग्य साक्षर मानले. २००८ साली हे प्रमाण ६.४८ टक्के होते, २०२३ साली २९.७० टक्के झाले. अमेरिकेचे १२, युरोपचे ४७.६ आणि चीनचे २९.७० हे आकडे शेजारी शेजारी ठेवून क्रम लावणे मात्र व्यर्थ आहे. तिन्ही ठिकाणी मोजलेली वस्तूच वेगळी आहे.

पुन्हा अमेरिकेकडे वळतो, कारण तिथली एक छोटी पाहणी मला त्या मोठ्या मोजणीइतकीच महत्त्वाची वाटते. लुइझियाना, मिशिगन आणि इलिनॉय या राज्यांतील दवाखान्यांत आलेल्या ३९५ रुग्णांना औषधाच्या बाटल्या दाखवून त्यांवरच्या सूचना वाचायला सांगितल्या गेल्या. २००६ साली ती प्रसिद्ध झाली. एका बाटलीवर लिहिले होते, 'दोन गोळ्या दिवसातून दोन वेळा तोंडाने घ्या.' कमी साक्षरता असलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी ही सूचना बरोबर सांगितली. मग, दिवसभरात एकूण किती गोळ्या घ्याल त्या मोजून दाखवा, असे सांगितले, तेव्हा चार गोळ्या मोजून दाखवणारे सुमारे ३५ टक्केच निघाले. वाचता येणे आणि करता येणे यांतले अंतर इतक्या स्पष्टपणे क्वचितच मोजले गेले असेल.

हे वाचले तेव्हा मला माझी आई आठवली. ती निवृत्त शिक्षिका होती, तिचे अक्षर आणि व्याकरण दोन्ही निर्दोष. तिच्या चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे '१-०-१' असे लिहिलेले असे, आणि कित्येक दिवस ती तो औषधाचा क्रमांक, म्हणजे एकशे एक, समजत होती. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. तिची साक्षरता कमी होती असे मी कधीही मानणार नाही. ती चिठ्ठी मात्र तिच्यासाठी लिहिलेली नव्हती.

पट्टीवर कागदालाही जागा असते, असे मी सुरुवातीला म्हणालो ते यासाठीच. माणसाला ३८२ पर्यंत चढवायला वर्षे लागतात. कागद खाली आणायला एक ओळ बदलणे पुरे होते. 'दोन गोळ्या दिवसातून दोन वेळा' याऐवजी 'सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन' असे लिहिले, तर अधिक लोकांना बरोबर समजते, हे अमेरिकेतल्या नंतरच्या अभ्यासांत दिसून आले. २०१२ साली तिथल्या औषध मानक संस्थेने बाटलीवरच्या मजकुरासाठी जे मानक जाहीर केले, त्यात मात्रा आणि वेळ अशा उघड शब्दांत लिहिण्याची शिफारस केली. तशी देशव्यापी आरोग्य साक्षरतेची चाचणी मात्र अमेरिकेने २००३ नंतर पुन्हा घेतलेली नाही; त्या देशाविषयी आजही जो आकडा सांगितला जातो, तो २००३ सालच्या कागदांवर आणि २००३ सालच्या माणसांवर मोजलेला आहे.

नमस्कार.