लॉक घेतल्यावर परत बघितलंस का?

(दृश्य: सकाळचा सुरसागर, स्कूटर्सची वर्दळ, दांडिया बाजारातला अरुंद जिना)

बडोद्याच्या दांडिया बाजारात, या जिन्यानं वर गेलं की उजव्या हाताच्या खोलीत लिनक्स कर्नलचं, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या कोडचं, वाचन चालतं. हो, वाचन. कर्नल लिहिणाऱ्यांवर व्हिडिओ पुष्कळ झाले. या खोलीतल्या ताई दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचतात, तपासतात.

(दृश्य: स्क्रीनवर हिरव्या-लाल ओळी)

हिरव्या ओळी नव्या, लाल काढून टाकलेल्या. असा सुचवलेला बदल म्हणजे पॅच, आणि या ओळी म्हणजे त्याचा डिफ. कर्नल मेमरीचे तुकडे करतो, त्यांना पानं म्हणतात. चालू प्रोग्रामचे पेज टेबल, म्हणजे कुठलं पान कुठं आहे ते सांगणारे तक्ते, हिंडून त्यात मोठी पानं, म्हणजे ह्यूज पेज, किती आहेत ते मोजायचं, एवढंच या पॅचचं काम. पॅच लिहिणारा शेजारीच बसलाय. सयाजीराव विद्यापीठात शिकतो.

(दृश्य: मध्यवर्ती ग्रंथालय, लोखंडी मांडण्या, काचेच्या फरशीवर पावलं)

हिंडणं म्हणजे काय, ते ताईंनी आम्हाला मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात नेऊन दाखवलं. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना बोलावून बडोद्याच्या ग्रंथालयांची घडी बसवली. पायाखाली काच, वरचा उजेड खाली झिरपतो. पुस्तक गाठायचं तर आधी मजला, मग रांग, मग कपाट, मग फळी.

नेहमीच्या ६४ बिटी इंटेल-एएमडी प्रोसेसरवर मेमरीचा पत्ता बहुधा असाच चार टप्प्यांत उलगडतो. ४८ बिट असतात. पहिले ९ बिट पहिल्या टेबलातलं घर सांगतात, पुढचे ९ दुसऱ्यातलं, असं चार वेळा. उरलेले १२ पानाच्या आतली नेमकी जागा. प्रत्येक टेबलात ५१२ घरं. एवढं चालून हाती येतं ४ केबीचं पान.

ह्यूज पेज असलं की वाट तिसऱ्याच टप्प्यावर, पीएमडी नावाच्या टेबलात, संपते. ते एक घर सरळ २ एमबीचं पान दाखवतं, चौथं टेबल लागतच नाही. २०११ पासून कर्नल अशी पानं आपणहून देऊ शकतो. प्रोग्रामला कळतही नाही. आणि दिलेलं पान तोडूही शकतो. प्रोग्रामनं मधलेच ४ केबी परत केले, की त्याच पीएमडीच्या घरात आता पान नसतं, ५१२ घरांच्या नव्या टेबलाचा पत्ता असतो.

(दृश्य: ताईंचं बोट एका ओळीवर)

पॅचमध्ये क्रम असा: पीएमडी वाच, मोठं पान आहे का बघ, असेल तर लॉक घे, म्हणजे इतरांना तिथं बदल करण्यापासून थांबव, मग मोज.

"लॉक घेतल्यावर परत बघितलंस का?"

"ताई, पण एमएमॅप लॉक, प्रोग्रामच्या अख्ख्या मेमरी-नकाशावरचा, तो तर आधीपासून घेतलेला आहे."

"अरे, वाचण्यापुरता घेतलायस तो. त्यानं पान तुटायचं थांबत नाही."

बघणं आणि लॉक घेणं, यांच्या मधल्या फटीत दुसरा थ्रेड, म्हणजे त्याच वेळी चालणारं दुसरं काम, पान तोडून मोकळा होतो. परिणाम? चुकीच्या आकड्यापासून मशीन कोसळण्यापर्यंत काहीही.

(दृश्य: दोघं एका स्क्रीनसमोर, टेबलावर चहाचे कप)

कर्नलमध्ये यासाठी तयार फंक्शन आहे, पीएमडी ट्रान्स ह्यूज लॉक. ते आधी लॉक घेतं, मग परत तपासतं, आणि मोठं पान नसेल तर लॉक सोडून रिकाम्या हातानं परत येतं. मुलानं ते वापरून दुसरी आवृत्ती केली. चाचणी झाली, तिचं चित्रण नाही. काळ्या टर्मिनलकडे किती वेळ बघणार!

ताई मात्र कोडवरून कमिट मेसेजकडे, म्हणजे पॅचसोबतच्या लेखी खुलाशाकडे, वळल्या आणि तिथंच रमल्या. "काय बदललं ते डिफमध्ये दिसतंच. का बदललं ते लिही. पान कोण तोडतं, कधी तोडतं, सगळं." परिच्छेद खोडला गेला, पुन्हा लिहिला गेला, पुन्हा खोडला गेला. बदलांची नोंद ठेवणारं गिट कमिट, म्हणजे नोंदलेले बदल, मोजतं ते लेखकाच्या नावावर. वाचणाऱ्याच्या वाट्याला येते तळाची 'रिव्ह्यूड-बाय' ही एक ओळ, आणि तीही ताई सहजासहजी देत नाहीत.

(दृश्य: कीबोर्डवर बोटं, स्क्रीनवर नवा प्रश्न)

दुसऱ्या आवृत्तीखाली त्यांनी विचारलंय: ह्यूजटीएलबीची, म्हणजे आधीच राखून ठेवलेली मोठी पानं या मोजणीत धरायची की नाही? पेज वॉकरमध्ये, म्हणजे टेबलं हिंडणाऱ्या कर्नलच्या कोडमध्ये, त्यांच्यासाठी वेगळा कॉलबॅक, म्हणजे अशी पानं भेटली की बोलावलं जाणारं फंक्शन, आहे. पॅचमध्ये तो नाही, आणि नाही तर का नाही, हे मेसेजमध्येही नाही. मुलाचं उत्तर यायचंय.