फाटकापासून तिसरी ‘ब’पर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

दारू सोडावी असे ज्याला मनापासून वाटू लागले आहे, त्याच्याशी आणि त्याच्या घरच्यांशी आज मला बोलायचे आहे. दारूपायी घराचे काय होते, हे कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. मी बोलणार आहे ते त्यापुढच्या एका कामाविषयी. दारू सोडू पाहणारी माणसे एकत्र बसून एकमेकांना आधार देतात, त्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसची, म्हणजे ए.ए.ची, आपल्या जवळची सभा शोधायची कशी आणि तिथवर पोहोचायचे कसे?

माझ्या थोरल्या भावाची हकिकत त्याच्या परवानगीने सांगतो. आम्ही तेव्हा ठाण्यात राहत होतो. एका रुग्णालयाच्या भिंतीवर लावलेल्या कागदावरून मी सभेचा पत्ता उतरवून घेतला आणि भर पावसात दादाला घेऊन निघालो. पोहोचलो, तर दाराला कुलूप. सभा तिथून हलून वर्ष होऊन गेले होते. भिंतीवरचा कागद मात्र कोणी बदलला नव्हता. “बघ, नशिबातच नाही,” असे म्हणून दादा कोपऱ्यावरच्या बारकडे वळला. त्या रात्री तो प्यायलाच.

दुसऱ्या दिवशी मी ए.ए.च्या क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी आमचे नावही विचारले नाही. “शनिवारी साडेसातला महापालिकेच्या शाळेत या. मी फाटकापाशी निळी छत्री घेऊन उभा राहतो,” एवढेच ते म्हणाले, आणि शनिवारी ते खरोखरच उभे होते. वर तिसरी ‘ब’चा वर्ग. फळ्यावर ‘पट ४२, हजर ३७’ असे खडूने लिहिलेले तसेच राहिले होते आणि मुलांच्या त्या ठेंगण्या बाकांवर पन्नाशीची माणसे गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. सभा खुली असल्यामुळे मलाही बसू दिले. चहा आला. वाटणाऱ्याने सगळ्यांचे पेले काठोकाठ भरले आणि दादाचा मात्र अर्धाच भरला. दादाचे हात थरथरत होते. पूर्ण भरलेला पेला त्याच्या हातून सांडला असता आणि चारचौघांत त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले असते, हे त्या माणसाने न विचारता ओळखले होते, कारण कधीकाळी त्याचेही हात तसेच थरथरत असत. त्या खोलीत कोण काय बोलले ते मी सांगणार नाही. तिथले तिथेच राहायचे असते. परतताना रिक्षात दादा मात्र म्हणाला, “अरे, तो माणूस माझीच गोष्ट सांगत होता.” त्या अर्ध्या पेल्याची आठवण मी आजवर किती जणांना सांगितली असेल, त्याची गणती नाही.

आपल्या गावोगावच्या शाळा संध्याकाळनंतर कुलूपबंद पडून असतात, याचे मला फार वाईट वाटते. आठवड्यातून दोन तास एक वर्ग अशा कामासाठी उघडून देण्यात कोणाचे काय जाते?

तर पहिली गोष्ट, निघण्यापूर्वी फोन करून वार, वेळ आणि जागा यांची खात्री करून घ्यावी. पुन्हा सांगतो, आधी फोन, मग प्रवास. सदस्यांची नावे गुप्त राहावीत म्हणून या सभांचा फारसा गाजावाजा नसतो, त्यामुळे नवख्याला जागा सहज सापडत नाही. दुसरी गोष्ट, पहिल्या दिवशी त्याला एकट्याला पाठवू नये. सभा खुली असेल तर घरच्यांना आत बसता येते. बंद असेल तर बाहेर थांबावे, पण सोबत जावे.

सदस्यत्वासाठी पिणे थांबवण्याची इच्छा एवढी एकच अट आहे. फी नाही, धर्माची वा जातीची विचारणा नाही. खर्च सदस्यच आपापसांत भागवतात. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद, दोघेही दारूने पोळलेले, एकमेकांशी बोलत बसले, त्यातून ही चळवळ उभी राहिली, आणि आजही एकाने बोलायचे व दुसऱ्याने ऐकायचे हीच तिची रीत आहे.

एक गोष्ट मात्र जिवाशी गाठ असलेली आहे. जो रोज भरपूर पितो, त्याने डॉक्टरांना न विचारता एकाएकी दारू तोडू नये. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, आणि त्यांच्या उपचारांबरोबरच सभा. ज्यांना दाखल होण्याची गरज आहे, त्यांच्यासाठी पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणसारखी केंद्रे आहेत. आणि वहिनींनो, मातांनो, तुमच्यासाठीही अल-ॲनॉन नावाचे निराळे समूह आहेत. घरातला माणूस सभेला यायला तयार नसला, तरी तुम्ही तिथे जाऊ शकता.

दादा आता दर शनिवारी अर्धा तास आधी जाऊन शाळेच्या फाटकापाशी उभा राहतो.

कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल, तर केंद्र सरकारच्या नशामुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक लिहून घ्या. त्याला पैसे पडत नाहीत. १४४४६. पुन्हा सांगतो : एक, चार, चार, चार, सहा. नमस्कार.